दोष माझ्यात आहे

पिंप्राळ्यातली खोली बघायला आम्ही गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला दारातच उभं करून माहिती सांगितली. पाणी सकाळी येतं, भरून ठेवायचं. गच्चीवर वाळवण घालायला हरकत नाही. मोरीत केस टाकायचे नाहीत. मग त्याच सुरात म्हणाले, "आम्हाला मूल नाही. दोष माझ्यात आहे, हिच्यात नाही. डॉक्टरनं तपासून सांगितलंय." मागे त्यांची बायको उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि चहा ठेवायला आत निघून गेली.

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरी खोली बघू या का, असं त्या बघण्यात होतं. पण खोलीला खिडक्या चांगल्या होत्या, आणि डाळ मिल सायकलनं जवळ पडत होती. हे तिथं दिवाणजी होते. आम्ही खोली घेतली.

सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. भाऊ वरणगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथं तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि ते खातं त्यांनी घरी आणलं होतं. काड्यापेटी घेतली की दुकानातच एक काडी ओढून बघणार. माठ घेताना असे वाजवत बसायचे की कुंभारीण कंटाळून म्हणायची, भाऊ, तसाच घेऊन जा पण आता उठा. भरताची वांगी हातात तोलून, कानाशी नेऊन घेत. वांग्यातून त्यांना काय ऐकू येई ते त्यांनाच ठाऊक. पण एक खरं, त्यांनी परत ठेवलेली वस्तू का परत ठेवली हे ते विकणाऱ्याला नीट समजावून सांगत. नुसतं नको म्हणून उठायचे नाहीत. तपासल्याशिवाय नापास करणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच होती.

आणि ते वाक्य. ते दूधवाल्याला सांगून झालेलं होतं, पोस्टमनला झालेलं होतं, मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही. एकदा एस.टी.त शेजारच्या बाईनं अक्कांना सहज विचारलं, मुलंबाळं किती? पुढच्या सीटवरून भाऊ उठून मागे वळले आणि सबंध गाडीला ऐकू जाईल असं उत्तर दिलं. कंडक्टरनं घंटी मारायची तीसुद्धा थांबवली. मला सुरुवातीला हसू यायचं. अक्कांना कधी हसू आलेलं मी पाहिलं नाही.

रविवारी सकाळी भाऊंच्या ओट्यावर बैठक भरायची. एक रिटायर झालेले गुरुजी आणि एक कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे शेठ. टीव्हीवर तेव्हा एड्स या नव्या रोगाच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या, गावात व्हिडिओ सेंटरं निघाली होती, आणि या विषयावर बोलायला माणसांना निमित्त मिळालं होतं. गुरुजींचं म्हणणं, पोरं त्या व्हिडिओवर नको ते बघतात, समाजाचा सगळ्यात मोठा प्रश्न तो. संयम शिकवा, बाकी आपोआप होईल. शेठ म्हणत, "गुरुजी, तुमचा संयम माझ्या दुकानात येतो तेव्हा तोंड फिरवून निरोध मागतो, तो पण पेपरात गुंडाळून. हायवेवरच्या ट्रकवाल्यांना विचारा. रोग दारात येऊन उभा आहे, आणि आपण लाजत बसलोय." गुरुजी चिडत. बायकामाणसं आत आहेत, हळू बोला, म्हणत.

भाऊ दोघांचं शांतपणे ऐकत आणि मग म्हणत, "तुमचं दोघांचं असेल बरोबर. माझा एकच प्रश्न. मूल झालं नाही की बाईला नापास करतात. पुरुषाला तपासलं का, हे कुणी विचारत नाही. आमच्या कारखान्यात असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

आम्ही दोघी आत तांदूळ निवडत असायचो. अक्का एकदा म्हणाल्या, "तिघं केव्हाचे भांडतायत. आपल्याला कुणी विचारलं तर आपण काय सांगायचं गं?" मी म्हटलं, "काय सांगायचं?" त्या म्हणाल्या, "मला पण कळत नाही. कुणी विचारलंच नाही ना कधी." आणि खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.

गल्लीत एक बारसं होतं. आलेल्या बायका एकेक करून बाळाला हातात घेऊन पाळण्याजवळ नेत होत्या. अक्कांची पाळी आली तशी बाळाच्या आजीनं बाळ दुसऱ्या बाजूला दिलं. काही बोलली नाही, हसून केलं. माझ्याही बाबतीत तेच झालं. आमच्या लग्नालाही तोवर बरीच वर्षं झाली होती आणि मला त्याची सवय झाली होती. पण भाऊ बाहेर पुरुषांत बसले होते, त्यांनी दारातून ते पाहिलं. चपला हातात घेऊन ते सरळ बायकांच्या घोळक्यात आले आणि आजीला म्हणाले, "अपशकुन असेल तर तो माझा आहे. मला बाहेर काढा. हिच्या हातात बाळ द्या." पाळण्याची दोरी धरलेली बाई तशीच थांबली. बाळ मात्र कुणी दिलं नाही. अक्का उठल्या आणि पेढा न घेता घरी निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या भाऊंचं ताट वाढून ठेवायच्या आणि स्वतः आमच्या खोलीत येऊन बसायच्या.

मी भाऊंची बाजू घेतली. म्हटलं, अक्का, असा नवरा कुणाला मिळतो? अक्का माझ्याजवळ सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "ऐक. माझ्यावर सवत आणायचं ठरलं होतं. मांडव घातला होता. त्या मांडवात हे उठले आणि बोलले. त्या दिवशी बोलले म्हणून मी या घरात आहे, ते मी कधी विसरणार नाही. पण तो एक दिवस होता गं. मग रोज कशाला? ह्यांनी गावभर सांगितलं, आणि गावातले पुरुष माझ्याकडे वेगळंच बघायला लागले. नात्यातल्या एका दिरानं तर मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, वहिनी, बाहेर कुठं जायची गरज नाही, घरातल्या घरात सोय होते. वीट आला मला. हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही चारचौघांत बोलून आले असते." 

आमचं स्वतःचं असं होतं. माझं सासर आणि माहेर दोन्ही धुळ्याच्या पलीकडे, दोन शेजारच्या खेड्यांत. हे एकुलते एक. सासूबाईंनी मला धुळ्याच्या डॉक्टरणीकडे किती वेळा नेलं त्याला हिशेब नाही. माझी पिशवी दोनदा साफ केली. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, उपास झाले. डॉक्टरणीनं एकदा म्हटलं, मिस्टरांना घेऊन या. सासूबाई म्हणाल्या, त्याला काय धाड भरली आहे? चांगला धडधाकट आहे. तिथंच तो विषय संपला. भाऊंनी ओट्यावर ह्यांना सरळ विचारलं, "तुमची तपासणी झाली का?" तेव्हा ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, पुढच्या महिन्यात खोली सोडायची.

पण पुढच्या महिन्यात वेगळंच झालं. माझे वडील जळगावला आले. आमचे आबा फार मायाळू होते, पण त्या दिवशी ते माझ्याकडे बघत नव्हते. चहाची बशी हातात धरून खाली बघत म्हणाले, "तुनी सासू उनी व्हती. सुमीले मांगी ऱ्हायनी. घरमानं घरमाच ऱ्हाई. दोन्ही बहिनी मिळीसन ऱ्हाशात."

सुमी म्हणजे माझी धाकटी बहीण, आणि सासूबाई तिला ह्यांच्यासाठी मागत होत्या. बारावी झाली होती, तिला मास्तरीण व्हायचं होतं, डी.एड.ला अर्ज करायचा म्हणत होती. परक्या घरची सवत येण्यापेक्षा पाठची बहीण बरी, असा आमच्याकडे रिवाज होता आणि तो भल्याचाच समजत. कायदा काय म्हणतो तेही सगळ्यांना माहीत होतं. पण पहिलीची तक्रार नसेल तर विचारतो कोण? आणि बहीणच असली तर पहिली तक्रार कशी करेल? मी माहेरी जाऊन सुमीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, तू सांगशील तसं." मला त्या वेळी तिच्या तोंडात मारावीशी वाटली. रडू आलं ते वेगळंच.

माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दोष माझ्यात असेल तर एक वेळ मी गप्प बसेन. पण दोष ह्यांच्यात असेल तर सुमीसुद्धा माझ्यासारखीच बारशांतून मागे सरेल. एका घरात दोघी बहिणी, दोघी वांझ म्हणवून घेत. मी ह्यांच्या पाया पडले. म्हटलं, एकदा तपासून घ्या, मग तुम्ही म्हणाल ते. हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, सायकल काढून मिलवर गेले.

मी भाऊंना सांगितलं. त्या संध्याकाळी भाऊ आमच्या खोलीत आले आणि ह्यांना म्हणाले, "दिवाणजी, चला."

"जळगावात नको," हे म्हणाले. "मिलचे लोक भेटतात."

"मग धुळ्याला."

"तिथं गावाकडचे भेटतात."

"मग भुसावळ. तिथं सगळे ओळखीचे माझे आहेत, तुमचं कुणी नाही. लाज जाईल ती माझी जाईल."

तिथं काय झालं ते ह्यांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. दवाखान्यात भाऊंना ओळखणारी माणसं खरंच निघाली. कंपाउंडरनं विचारलं, कुणाची तपासणी? भाऊ म्हणाले, "दोघांची." आपला निकाल कधीच लागलेला असताना, पिकल्या केसांचा हा माणूस हातात काचेची बाटली घेऊन पहिला संडासात गेला. बाहेर आल्यावर दाराशी छत्रीचं टोक टकटक करत पहारा देत उभा राहिला, आणि आतून ह्यांना ऐकू येईल अशा बेतानं कंपाउंडरशी वांग्यांच्या भावावर बोलत राहिला. हे म्हणत, त्या छत्रीच्या आवाजामुळे मी आत टिकलो, नाहीतर मागच्या खिडकीतून पळालो असतो.

निकाल आणायलाही दोघंच गेले. परत आल्यावर हे मला म्हणाले, "सगळं ठीक आहे." मी देवापुढे दिवा लावला आणि दिव्यापुढे बसून रडले. दोष माझ्यातच ठरला होता. सुमीला मी काही म्हणू शकत नव्हते.

मग एका सकाळी शेजारच्या खोलीसाठी नवीन बिऱ्हाड बघायला आलं. भाऊ दारात उभे राहून माहिती सांगत होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, हे खाली सायकल पुसत होते. पाणी सकाळी येतं, भाऊ म्हणाले. गच्चीवर वाळवणाला हरकत नाही. मोरीत केस टाकायचे नाहीत. आणि ते थांबले. त्यांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. नव्या बिऱ्हाडाला काही कळलं नाही. मी मात्र वरून बघत होते. भाऊंची नजर ह्यांच्याकडे गेली आणि ह्यांनी मान खाली घालून तेच पुसलेलं चाक परत पुसायला घेतलं.

माझ्या हातातलं ओलं पातळ तसंच राहिलं. भाऊ ते वाक्य ह्यांच्या समोर बोलू शकत नव्हते, याचा अर्थ एकच होता. ते बोलले असते तर ते ह्यांना जाऊन लागलं असतं.

मी खाली उतरून भाऊंना गाठलं. ते म्हणाले, "मला काही विचारू नकोस पोरी. मी शब्द दिलाय." एवढ्यानं मला सगळं सांगून झालं होतं, पण शब्द मोडला नाही असं त्यांना वाटत असावं. रविवारी ओट्यावर ते आले नाहीत. गुरुजी आणि शेठ थोडा वेळ आपसात भांडले, पण भाऊंशिवाय त्यांना मजा येईना, तेही उठून गेले. अक्का म्हणाल्या, "जेवत नाहीत. मलासुद्धा काही सांगत नाहीत. इतकी वर्षं मी म्हणत होते गप्प बसा. आता बसलेत तर बघवत नाही."

मी ह्यांना विचारलं नाही. मी विचारलं असतं तर हे खोटं बोलले असते, आणि मग ते खोटं आम्हा दोघांना जन्मभर सांभाळावं लागलं असतं. मी सासरी जाऊन सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, आपलं झाकायला नवऱ्याच्या माथी मारते. हे ह्यांनीच सांगायला हवं होतं. मी फक्त एक केलं. सुपारी फोडायचा दिवस ठरला तेव्हा भाऊंना आणि अक्कांना चला म्हटलं. घरमालक वडीलधारे, त्यांना नको म्हणायची ह्यांची छाती झाली नाही.

आबांच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष अंगणात, आम्ही बायका दारात. ताटात सुपारी, नारळ, हळदकुंकू. सुमीला हिरवं पातळ नेसवून आणून बसवलं होतं. ती ताटाकडे बघत होती. ह्यांचे मामा ह्यांच्या शेजारी बसलेले. त्यांना भाऊंची सवय ऐकून माहीत होती. ते हसत म्हणाले, "काय भाऊ, आज तुम्ही काही बोलतस नही?"

दोनचार जण हसले. भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "माझं सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याचं मी सांगत नसतो." आणि मग ते ह्यांच्याकडे वळून बसले. रागानं नाही, दटावून नाही. नुसते बसले, वाट बघत.

मामांनी अडकित्ता हातात घेतला. मला वाटलं, संपलं. मी सुमीकडे बघू शकले नाही म्हणून ह्यांच्याकडे बघितलं. 

"मामा, सुपारी ऱ्हावू द्या," हे म्हणाले.

"काबरं?"

हे मामांकडून वळले. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "माय, भुसावळले तपासी उनू. दोष मनामा शे. हिना काही दोष नही."

दोष माझ्यात आहे, हे भाऊंचंच वाक्य ह्यांनी आमच्या बोलीत सांगितलं होतं. सासूबाईंनी आधी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुले माहीत व्हतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. बठ्ठा लोके इचारतस, मी काय सांगू, असं त्या मला नेहमी म्हणायच्या, आणि आता खरंच त्यांना सांगायला काही उरलं नव्हतं. पुढे त्यांनी मला कधी वांझ म्हटलं नाही. माफीही कधी मागितली नाही. सुमी उठून आत गेली आणि तिनं ते हिरवं पातळ सोडून आपलं साधं पातळ नेसलं. आबांनी तिला अडवलं नाही. पुढच्या वर्षी ती डी.एड.ला गेली.

आम्ही चौघं धुळ्याहून जळगावच्या गाडीत बसलो. भाऊ आणि अक्का आमच्या पुढच्या सीटवर होते. हे खिडकीकडे तोंड करून रडत होते. मी त्यांना रडू दिलं, फक्त हात हातात धरून ठेवला. लग्न झाल्यापासून चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटत होता, आणि इतका उशीर लावल्याचा रागही तेवढाच येत होता.

पारोळा मागे पडलं. पुढून भाऊंचा आवाज आला. ते सबंध गाडीला ऐकू जाईल असं बोलत नव्हते, मी पुढे वाकले होते म्हणून मला ऐकू आलं.

"आज तो पोरगा स्वतः बोलला," भाऊ म्हणाले. "आपल्या वेळी मी मांडवात उठलो, तेव्हा तुला विचारलं नव्हतं."

"नव्हतं विचारलं," अक्का म्हणाल्या.

"विचारायला हवं होतं का?"

अक्का बाहेर बघत होत्या. कपाशीची शेतं मागे जात होती.

"तेव्हा विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमची अब्रू जाईल म्हणून. आणि आज माझ्या जागी दुसरी बसली असती. नाही विचारलंत ते बरं केलंत."

भाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि त्यानंतर?"

"त्यानंतर रोज विचारायला हवं होतं," अक्का म्हणाल्या.